वाद्याचे नाव: ओठ

नरहरी ढवळेला शीळ घालता येत नव्हती. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. शीळ न येणारी लाखो माणसं पालघर जिल्ह्यात सुखाने नांदत असतील. फरक एवढाच, की त्यांच्यातल्या कुणीही आपल्या साहेबांसमोर, साठ माणसांच्या देखत, हातात समोशाची बशी धरून असं म्हटलं नव्हतं, की "शीळ? अहो मॅडम, कॉलेजात असताना मी अख्खी गाणी शिळेवर वाजवायचो!"

नरहरीने म्हटलं.

का म्हटलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. एकतीस मार्चची दुपार होती. कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात, त्याच्या कार्यालयातले एक वाहनचालक निवृत्त होत होते. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, आणि दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या गृहस्थांनी बोलण्याऐवजी शीळच घातली. अशी घातली की शाखेच्या साहेब अपेक्षा मॅडमनी हातातली बशी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. नरहरीच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यासाठी कुणी बशी खाली ठेवली नव्हती. त्याने वेळेत केलेल्या टिपण्या, त्याच्या हातची सुबक अक्षरातले गोषवारे, त्याने शोधून काढलेल्या हरवलेल्या फायली, हे सगळं लोकांनी खाता खाता पाहिलं होतं. तेव्हा त्याच्या तोंडातून ते वाक्य निघून गेलं.

"खरंच?" मॅडम म्हणाल्या. "मग तीस एप्रिलला आपला कर्मचारी कलामहोत्सव आहे. आपल्या शाखेतून दरवर्षी कुणीच भाग घेत नाही. कुंदन, ढवळ्यांचं नाव लिहा."

कुंदन हा सांस्कृतिक समितीचा लिपिक. माणूस हसरा, पण अर्जासमोर बसला की त्याचा चेहरा परीक्षा केंद्रावरच्या पर्यवेक्षकासारखा व्हायचा.

"ढवळे साहेब, प्रकार कोणता लिहू? गायन की वादन?"

"गायनच म्हणायचं ना?"

"शब्द आहेत का त्यात?"

"नाहीत."

"मग गायनात बसत नाही. वादन लिहितो. वाद्याचे नाव?"

कुंदनने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: ओठ. पुढचा रकाना होता, वाद्य स्वतःचे आहे काय. तिथे 'होय' लिहून त्याने नरहरीची सही घेतली. शासकीय कागदावर एकदा सही झाली की ती गोष्ट खरी असते, असं नरहरी स्वतःच नव्या लोकांना सांगत आला होता. आता त्याला शीळ येणं भाग होतं.

त्या संध्याकाळी बोईसरला, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोनशे तीन नंबरच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून त्याने ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. फू. पुन्हा मारली. फूऽ. तुळशीची पानं हलली, एवढंच. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाने सांगितलं, जीभ खालच्या दातांमागे टेकवा, गाल सैल सोडा, मनात शंका आणू नका. नरहरीने जीभ टेकवली, गाल सोडले, आणि मनातली शंका काढायचा प्रयत्न करत असतानाच मागून भाग्यश्री आली. हातात आमटीची पळी, पळीतून फरशीवर थेंब.

"घरात शीळ नाय!"

नरहरी दचकला, तो शिळेच्या बंदीमुळे नव्हे. त्याची बायको सातपाटीची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तिच्या तोंडून माहेरची बोली फक्त दोन वेळा निघायची: मासे शिळे निघाले तर, किंवा ती खूप घाबरली तर. घरात त्या दिवशी मासे नव्हते.

"अगं, ऑफिसचं काम आहे," तो म्हणाला.

"कसलंही असू दे. माझ्यासमोर नको. गच्चीत जा."

असं म्हणून ती आत गेली आणि आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. ती आमटी नरहरीने मुकाट्याने खाल्ली.

गच्चीत शेजारच्या दोनशे चारमधल्या हेतलबेन वाळवणाचे पापड गोळा करत होत्या. नरहरीने कठड्याशी जाऊन जेमतेम दोन फुंकरा मारल्या असतील.

"नरहरीभाई! दिवाबत्तीच्या टायमाला सीटी? घरातली लक्ष्मी निघून जाते!"

"पण वाजतच नाहीये, हेतलबेन."

"वाजली नाही तर हळूहळू जाते," हेतलबेन म्हणाल्या, आणि लक्ष्मी जिन्यात भेटेल या भीतीने की काय, पापड छातीशी धरून लिफ्टने खाली गेल्या.

त्यांचे यजमान कमलेशभाई हे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना ही बातमी पापडांबरोबरच मिळाली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ते स्वतः गच्चीत हजर झाले. त्यांचं म्हणणं, शिळेने लक्ष्मी वगैरे काही जात नाही, ती बायकांची समजूत. शिळेने साप येतात, हे मात्र सिद्ध झालेलं आहे. कुठे सिद्ध झालं, असं विचारल्यावर त्यांनी वलसाडच्या आपल्या मामांचं नाव घेतलं. तरीसुद्धा कमलेशभाई मदतीला तत्पर. ओठ घट्ट झाल्याशिवाय सूर निघत नाही, सबब तुरटीच्या पाण्यात भिजवलेली पट्टी रोज अर्धा तास ओठांवर ठेवावी, असा त्यांनी उपाय सांगितला. साप येऊ नयेत आणि शीळही यावी, अशा दोन्ही बाजूंनी ते नरहरीची काळजी वाहत होते.

नरहरीने अर्ध्याऐवजी दीड तास पट्टी ठेवली, कारण दिवस थोडे उरले होते. सकाळी आरशात पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, खालचा ओठ सुकलेल्या जर्दाळूसारखा. ऑफिसात गेल्यावर तो "नमस्कार" म्हणाला ते "नफस्कार" असं ऐकू आलं. कुंदनच्या हातातला चहा सांडला. पाच मिनिटांत शाखाभर झालं की ढवळ्यांच्या तोंडावरून वारं गेलं. मॅडम धावत आल्या, कुणी खुर्ची आणली, कुणी त्याचे बूट काढले, कुणी त्याला डावा हात वर करायला लावला. डावा हात वर झाला तेव्हा चक्क टाळ्या पडल्या. सत्तावीस वर्षांनी मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्याही हात वर केल्याबद्दल! नरहरीला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुरटी," तो कसाबसा म्हणाला. पण ओठांमुळे ते "फुरफी" असं निघालं आणि त्याला थेट डॉक्टरकडे नेलं.

आठव्या दिवशी साप आला.

म्हणजे नरहरी गच्चीतून खाली उतरत होता, तर पार्किंगमध्ये अख्खी सोसायटी गोळा. सहा-सात फुटांचा पिवळसर साप कमलेशभाईंच्या स्कूटरखाली निवांत पडलेला. नरहरीला पाहताच गर्दी दोन बाजूंना सरकली आणि मधोमध वाट झाली, जणू तो सापाला न्यायलाच आलेला.

कुणीतरी फोन करून झिपरूला बोलावलं. झिपरू मनोरकडच्या पाड्यावरचा, साप धरून रानात सोडणारा माणूस. त्याने आकड्याने साप अलगद उचलला, शेपटी धरली आणि म्हणाला, "धामण हाय. काय करत नाय. उंदरांमागं आली."

"हे शीळ घालतात रोज," कमलेशभाई नरहरीकडे बोट दाखवून म्हणाले.

झिपरूने नरहरीला आपादमस्तक न्याहाळलं. "सापाला कान कुठं हायेत? तुमी ढोल वाजवा नायतर शीळ घाला, तिला काय कळत नाय." मग तो पार्किंगच्या कोपऱ्यातल्या, तीन दिवस न उचललेल्या कचऱ्याकडे वळला. "हे कुणाचं हाय, ते बघा पयलं."

कचरा सोसायटीचा, म्हणजे सेक्रेटरींच्या अखत्यारीतला. पण ते कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी मोबाइलच्या ग्रुपवर सूचना आली: सोसायटीच्या आवारात शीळ, शिट्टी व तत्सम ध्वनी काढण्यास सक्त मनाई आहे, वॉचमन व कुकर वगळून. नरहरीने ती सूचना तीनदा वाचली. आयुष्यात एकही शीळ न वाजवता शिळेपायी बंदी आलेला तो जगातला पहिलाच माणूस असावा.

आणि एवढं होऊन संपेल असं वाटत असतानाच शनिवारी सकाळी फोन आला. पोलीस चौकीतून.

"नरहरी ढवळे? हवालदार सोमी दुमाडा बोलते. तुमच्याविरुद्ध तक्रार आलीये. शेजारच्या बाईंना उद्देशून शीळ घालता म्हणून. या जरा."

नरहरीने फोन खाली ठेवला. त्रेपन्न वर्षांचं वय, डोक्यावर मोजके केस, सोसायटीच्या सत्यनारायणाला दरवर्षी पूजेला बसण्याचा मान, आणि हा आरोप! त्याने धुतलेला शर्ट काढला, तो बदलून आणखी धुतलेला घातला. भाग्यश्री म्हणाली, "मी येते." तो नको म्हणाला तरी ती चपला घालून पुढे निघालीसुद्धा.

चौकीत कमलेशभाई आधीच बसले होते, मान दुसरीकडे वळवून. शेजारी हेतलबेन, पदराशी चाळा करत. सोमी हवालदार साधारण पस्तिशीची, नजर धारदार. समोर चौघे बसले तशी तिने कागद उचलला आणि वाचायला लागली.

"गेले तीन महिने, रोज सकाळी साडेदहा ते अकरा या वेळेत, फ्लॅट नंबर दोनशे तीनच्या गॅलरीतून, आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेने, अत्यंत सुरेल अशी शीळ..."

'सुरेल' हा शब्द ऐकून नरहरीचा जीव क्षणभर सुखावला. माणसाचं मन किती विचित्र असतं पाहा; समोर गुन्हा नोंदवायची तयारी चालली होती आणि हा मनात म्हणत होता, म्हणजे वाजत होती तर! मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो ताडकन उठून उभा राहिला.

"साडेदहा? सकाळी साडेदहाला मी कोळगावला असतो! पावणेदहाला मस्टरवर सही असते माझी! आणि तीन महिने कसे? मी शिकायला लागून पंधरा दिवस झाले, मॅडम, आणि अजून मला येत नाही!"

"येत नाय?" सोमी म्हणाली. "घालून दाखवा."

"इथे?"

"तक्रार इथंच आलीये ना."

आणि मग नरहरी ढवळेने, पोलीस चौकीत, बायको, शेजारी आणि तीन पोलिसांच्या साक्षीने, ओठांचा चंबू केला. फू. टेबलावरचे कागद फडफडले. सोमीने त्यावर पेपरवेट ठेवला. "अजून एकदा." फूऽऽ. कोपऱ्यातला एक पोलीस तोंड फिरवून खोकायला लागला.

"हा माणूस नाय," सोमीने जाहीर केलं. "याच्यानं मेणबत्ती विझंल फक्त. दोनशे तीनमध्ये आणखी कोण राहतं?"

नरहरी सांगणार होता, की मॅडम, आम्ही दोघंच असतो. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली.

"मी," भाग्यश्री म्हणाली. "मी घालते."

नरहरी हसला. नवऱ्याला वाचवायला बायका काय काय बोलतात, असं त्याच्या मनात आलं. पण भाग्यश्री हसत नव्हती. तिने पदराने ओठ टिपले, खिडकीबाहेर पाहिलं आणि शीळ घातली.

पहिला सूर निघाला तेव्हा नरहरीला वाटलं, खिडकीत दयाळ पक्षी येऊन बसला. तोच चढत जाणारा, मध्येच हिंदकळणारा, शेवटी हलकेच सोडून दिलेला आवाज. दयाळ एकाच ओळीला थांबतो. ही थांबली नाही. ओळीतून ओळ काढत, गिरक्या घेत, खाली उतरून पुन्हा वर जात ती पुढे गेली. दारात एक रिक्षावाला भाड्याची तक्रार घेऊन आला होता, तो उंबऱ्यातच थबकला. नरहरीने खुर्चीचा हात घट्ट धरला. ज्या तोंडातून सव्वीस वर्षं त्याने "जेवायला या", "पंखा बंद करा", "तुमचा चष्मा फ्रिजवर आहे" असली वाक्यं ऐकली होती, त्याच तोंडातून हे येत होतं.

शीळ संपली. आणि हेतलबेन ओरडल्या, "हीच! हीच ती! मी तर रोज ही ऐकूनच चहा ठेवते!"

"एटले?" कमलेशभाई वळले. "म्हणजे तुला त्रास नव्हता?"

"मने तो गमतुं हतुं, आवडायची मला. तुम्ही विचारलं कुठे?"

कमलेशभाईंचा चेहरा पाहून नरहरीला त्या परिस्थितीतही थोडं बरं वाटलं. त्या खोलीत आता धक्का बसलेले नवरे दोन होते. तक्रार मागे घेतली गेली. सोमीने कागदावर 'गैरसमज' असं लिहिलं, आणि निघताना भाग्यश्रीला हळूच म्हणाली, "ताई, एकदा परत घाला ना." पण भाग्यश्री नाही म्हणाली.

घरी आल्यावर नरहरीला आवरेना.

"सव्वीस वर्षं! भाग्यश्री, मी तुला काय नाही सांगितलं? माझं मूळव्याधीचं ऑपरेशन मी माझ्या भावाला सांगितलं नाही, तुला सांगितलं! आणि तू एवढी मोठी गोष्ट... मी त्या तुरटीने ओठ जाळत होतो, तेव्हा तू गप्प बसून पाहत होतीस?"

"घालायचीच नव्हती मला," ती म्हणाली. "शपथ होती."

मग तिने सांगितलं. ती दहा वर्षांची असतानाची गोष्ट. होडी समुद्रात असली की घरच्यांनी शीळ घालायची नाही, शीळ वाऱ्याला बोलावते, असं सातपाटीला लहानपणापासून सगळ्यांना माहीत. हिला शीळ उपजत यायची. बाप होडी घेऊन गेलेला असताना हिने एकदा किनाऱ्यावर शीळ घातली. बाप त्या दिवशी परतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी होडी सुखरूप आली, बाप म्हणाला वारा उलटला होता, आणि सगळी आळी हिच्याकडे वळून बघायला लागली. आई कितीतरी दिवस बोलली नाही. रत्ना आत्याने हिला देवापुढे उभं करून बापाची शपथ घातली, की पुन्हा तोंडातून शीळ काढणार नाहीस.

"मग आता?"

"बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. तरी नव्हती घातली. जानेवारीत गॅलरीत दयाळ यायला लागला. एक दिवस त्याने अर्धीच ओळ म्हटली आणि थांबला. थांबूनच राहिला." ती पदराची घडी घालत राहिली. "मला राहवलं नाही हो. उरलेली मी म्हटली."

नरहरीचा राग कुठे गेला ते त्याचं त्याला कळलं नाही. मग तो म्हणाला, "माझ्या जागी तू महोत्सवात वाजव."

"आत्याने घातलेली शपथ आहे. आत्याने सोडवली तर."

रविवारी दोघं स्कूटरवरून सातपाटीला गेली. रत्नाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मासे विकणं सोडलं होतं, पण घरापुढच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालायचं काम त्या सुनांना करू द्यायच्या नाहीत. भाग्यश्रीने काम करता करताच विषय काढला. म्हणाली, आत्या, शपथ मोडली माझ्याकडून, आणि अजून मोडायची आहे, तर सोडवून दे.

रत्नाबाईंच्या हातातला बोंबील तसाच राहिला.

"कंची शपथ?"

"शिळेची. बाबा दोन दिवस आले नव्हते तेव्हाची. वारा आला होता तो."

म्हातारी खाली बसली. नरहरीला वाटलं ऊन लागलं, म्हणून तो पाणी आणायला उठला. तिने हाताने त्याला बसवलं.

"महिना कंचा होता, आठवतं तुला?"

"चैत्र असेल. शाळेची परीक्षा होती."

"चैत्रात कंचं वादळ येतंय गो, पोरी?" रत्नाबाई म्हणाल्या. "डहाणूला महालक्ष्मीची जत्रा होती. तुझ्या बापानं नि त्याच्या दोस्तांनी होडी डहाणूला लावली नि दोन दिवस जत्रेत फिरले. तमाशा बघितला. तुझी आई आधीच माहेरी निघायच्या गोष्टी करत होती. तिला हे कळलं असतं तर ती गेलीच असती. तुझा बाप वारा म्हणाला. आळीतलं कोण तरी बोललं, पोरीनं शीळ घातली होती. आमी गप बसलो."

"तुला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"आणि शपथ?"

"तू शीळ घालायचीस तवा तुझा बाप शरमेनं खाली मान घालायचा. म्हणून घातली शपथ. आमाला वाटलं, लहान हाय, विसरंल."

नरहरी थक्क होऊन कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिला. एकोणचाळीस वर्षं एक बाई गप्प राहिली होती, आणि कशासाठी, तर एका जत्रेसाठी! त्याला संताप आला. सरकारी माणसाला येतो तसा, की कुणी साधी तारीख तरी तपासायची होती. भाग्यश्री मात्र दोरीशी गेली आणि एकेक बोंबील उलटा करून टाकायला लागली. अख्खी दोरी संपवली. मग दुसरी. रत्नाबाई तिच्या पाठीकडे बघत होत्या.

"मी येतंय कोळगावला," शेवटी म्हातारी म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगतंय, माझा भाऊ खोटा बोलला नि मी पन."

"सांगायला नको येऊस," भाग्यश्री पाठ न वळवता म्हणाली. "ऐकायला ये."

सोमवारी नरहरी कुंदनपुढे जाऊन उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने आपल्या सहीविरुद्ध जबाब दिला. म्हणाला, मला शीळ येत नाही, बायकोला येते, नाव बदला. कुंदन हादरला. यादी मंजूर झालेली, पत्रिका छापून आलेल्या, स्पर्धा फक्त कर्मचाऱ्यांसाठी. त्याने परिपत्रक पुढून वाचलं, मागून वाचलं, आणि एका जागी त्याचं बोट थांबलं.

"साथीदार एक चालतो. आणि साथीदार कर्मचारी असायलाच पाहिजे, असं नाही. तबलेवाले बाहेरचे असतात ना. पण मुख्य कलाकाराने मंचावर काहीतरी करायला हवं."

"माइक धरीन," नरहरी म्हणाला.

कुंदनने पुन्हा एकदा परिपत्रक वाचलं. "धरू नये असं कुठे लिहिलेलं नाही."

तीस एप्रिलला सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या खुर्चीवर रत्नाबाई बसल्या होत्या; दोनदा उठवलं तरी "मला इथून आयकू येतं" म्हणून हलल्या नव्हत्या. हेतलबेन कमलेशभाईंना घेऊन आल्या होत्या. निवेदकाने पुकारलं, "शीळवादन, श्री. नरहरी ढवळे. साथसंगत, सौ. भाग्यश्री ढवळे," आणि अपेक्षा मॅडमनी कौतुकाने मान हलवली.

नरहरीने माइक हातात घेतला आणि तो बायकोच्या तोंडापुढे धरला. सभागृहात कुजबुज झाली. मॅडमची मान हलायची थांबली.

भाग्यश्रीने पदराने ओठ टिपले, श्वास घेतला, आणि काहीच झालं नाही. ती समोर आत्याकडे बघत होती. ओठ हलत होते, सूर नव्हता. पाच सेकंद गेले, दहा गेले. मागून कुणीतरी खुसखुसलं. नरहरीला दिसलं, तिच्या पापण्या फडफडायला लागल्या आहेत. ती आता मंचावरून उतरणार.

त्याने काय केलं ते त्याने ठरवून केलं नव्हतं. त्याने माइक आपल्या तोंडाकडे वळवला, साडेतीनशे माणसांसमोर ओठांचा चंबू केला आणि जीव खाऊन फुंकर मारली. फूऽऽऽ! कर्ण्यांतून असा आवाज निघाला, जसं काही ट्रकचं चाक बसलं. मग सगळं सभागृह हशाने दणाणलं. मॅडमनी तोंडावर हात घेतला, कुंदनने डोळे मिटून घेतले. आणि भाग्यश्री, ओठ आवळून, खांदे हलवत, हसत होती.

हसू ओसरलं तसा त्याने माइक पुन्हा तिच्यापुढे धरला. सूर निघाला.

आधी ती दयाळाची ओळ म्हणाली. मग त्या ओळीतून वळत वळत तिने सातपाटीच्या हळदीला बायका म्हणतात ते गाणं धरलं. मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. सहाव्या-सातव्या ओळीला रत्नाबाई खुर्चीत ताठ झाल्या आणि शेजारी बसलेल्या प्रमुख पाहुण्यांना, हळू बोलण्याचा प्रयत्न न करता म्हणाल्या, "माझी भाची हाय. दहा वर्षांची असल्यापासून येतंय तिला. आमी बंद केली होती." पाहुण्यांना काही कळलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली. म्हातारीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

गाणं संपलं. अपेक्षा मॅडमच्या मांडीवर खाण्याची बशी नव्हती, नाहीतर ती खालीच पडली असती. टाळ्या वाजवत त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. मागून एक आवाज आला, मग दहा, मग सगळे, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा! निवेदक लगबगीने पुढे आला आणि नियमाप्रमाणे नरहरीला विचारलं, "मुख्य कलाकारांची परवानगी आहे ना?"

मुख्य कलाकाराचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला होता. भाग्यश्रीने ते ओळखलं.

"हात दुखतोय ना?" तिने हळूच विचारलं.

"छे," नरहरी म्हणाला, आणि माइक डाव्या हातात घेतला.